धुऊन काढलेली अंडी

किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीत तिला कासवबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्याची. पण सुट्टीच्या दिवशी जाळी ठेवायच्या शेडमध्ये बायका-पोरांना गोळा करून ती सांगे, कासवाची अंडी खाऊ नका, विकू नका, घरटं दिसलं तर मला कळवा. बायका माना डोलवत आणि करायचं तेच करत. कारण त्या चालायच्या तिच्या सासूबाईंच्या शब्दावर, आणि त्या माउलीनं सुनेचं एक अक्षर ऐकून घेतलं असेल तर शपथ!

एके सकाळी मात्र नवल घडलं. काही दिवसांपूर्वीचं एक घरटं कुत्री उकरत असलेली सासूबाईंनी पाहिली. त्यांनी कुत्री हाकलली आणि सगळी अंडी बादलीत भरून घरी आणली. नळाखाली एकेक अंडं चोळून धुतलं, पुसलं, टोपलीत वाळू घालून हारीनं मांडलं. सुनेला म्हणाल्या, "घे तुझी बाळं. घाणीत लोळत होती."

सुनेला ठाऊक होतं, अंड्यातला जीव कवचाला वरच्या बाजूनं चिकटलेला असतो. अंडं नुसतं उलटंपालटं झालं तरी तो मरतो. इथे तर सगळी चोळून निघाली होती. तरीही, न जाणो, म्हणून तिनं ती किनाऱ्यावर कुंपण घालून पुरली.

सासूबाई रोज तिथे जाऊन बसत, कुत्र्यांना शिव्या हासडत. म्हातारी कधी नव्हे इतकी खुशीत होती. शेजारणीही म्हणू लागल्या, आम्हीपण अशीच धुऊन आणू. आता गप्प राहावं तर सगळी घरटी नासणार; बोलावं तर म्हातारी पुन्हा या वाटेला फिरकणार नाही, आणि तिच्यामागून एकही बाई येणार नाही. पिल्लं बाहेर यायचे दिवस भरून गेले, वाळू हलली नाही. तेव्हा दोघीच असताना सुनेनं मन घट्ट करून खरं ते सांगितलं.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. पुढच्या सुट्टीला सून एकटीच शेडमध्ये गेली. ती शिकवायला उभी राहते तोच सासूबाई आत आल्या आणि खाली न बसता बायकांसमोर उभ्या राहिल्या.

"ती अंडी कुत्र्यांनी नाही, मी मारली," त्या म्हणाल्या. "धुऊन मारली. तुम्ही हात लावू नका गं. कुत्री हाकला आणि हिला बोलवा."

एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं. शेजारणींनी सरकून जागा केली, त्या मधोमध बसल्या, आणि सुनेनं वर्ग सुरू केला.