तेलाच्या डब्यापासून पाटापर्यंत

लेकीला तिसरा महिना लागला हे मला ज्या फोनवर कळलं, त्याच फोनवर हेही कळलं, की तिचं बाळंतपण माझ्याकडे होणार नाही.

फोन विहीणबाईंचा होता. त्या तळेगावच्या जुन्या घरातल्या, रोखठोक बोलणाऱ्या, मनात काही ठेवत नाहीत. म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. पयलं बाळंतपण माहेरी असतंय, आमास्नी कळतंय. पर तुमाला खाली बसाय येत न्हाई. बसलात तर उठवाय दोन माणसं लागत्यात. बाळाला न्हाऊ कोण घालणार?"

मी "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणून फोन ठेवला. माझा स्वभावच असा. कुणी तोंडावर शिवी दिली तरी मी आधी चहा घेणार का विचारीन.

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. लेकीच्या लग्नात मी कन्यादानाला बसले ती उठेचना. एका बाजूने ह्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने भटजींनी. व्हिडिओत ते सगळं आलंय. मागे सनई चालू आहे आणि मी पोत्यासारखी वर येतेय.

न्हाऊ घालायचं म्हणजे काय, तर पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, पाणी घालायचं. ते जमलं असतं. अवघड पुढचं. ओलं बाळ दोन्ही हातांत घेऊन उठायचं. टेकायला हात रिकामा नसतो. मला तर दोन हात, एक भिंत आणि एक नवरा लागायचा.

लेकीला म्हटलं, आपण न्हाऊ घालणारी बाई लावू. ती म्हणाली, "बाई तर सासूबाईपण लावतील. मला तू पाहिजेस." आणि रडायला लागली. तिला त्या दिवसांत टोमॅटो चिरतानाही रडू येत होतं, पण ते मला नंतर कळलं. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांमुळे पोरगी रडतेय.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण, आणि त्यानंतर मुलीला माहेरी आणायचं. म्हणजे माझ्या हातात चार महिने होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्या लेकीएवढ्या. गुडघे दाबून बघून म्हणाल्या, "मावशी, गुडघे अजून चांगले आहेत. त्यांच्यावरचं ओझं कमी करा. रोज चाला. आणि खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा करा. जमलं की खुर्चीपेक्षा बुटकं काहीतरी घ्या, मग त्याहून बुटकं." भात निम्मा करायला सांगितला आणि चहातली साखर बंद.

चालायचं ठरवलं, पण मला रस्त्यावर नुसतं चालायची लाज वाटायची. बाई रिकाम्या हाताने भराभर चालताना दिसली की लोक विचारतात, काय झालं, कुठं निघालात? म्हणून मी युक्ती काढली. संध्याकाळी कामावरून येताना कंपनीची बस सोडायची तिथून मी मेथीची एक जुडी घ्यायचे, पिशवीतून तिचा शेंडा बाहेर दिसेल अशी ठेवायचे, आणि दिघीच्या लष्कराच्या भिंतीकडेने चालत सुटायचे. बघणाऱ्याला वाटावं, बाजारातून घरी चाललीय. भिंत संपली की वळून परत. आता बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी विसरलं, ते आणायला चाललीय. असं मी रोज दोनदा विसरायचे.

तीन आठवडे घरी मेथी झाली. मेथीची भाजी, मेथीची आमटी, मेथीचे ठेपले. शेवटी हे म्हणाले, "अगं, वजन तू कमी करतेयस, मला का कडू खायला घालतेस?" तेव्हापासून कोथिंबीर घेऊ लागले.

उठा-बसा मात्र घरी होईना. मी खुर्चीवर बसले की हे टीव्हीचा आवाज कमी करून बघत बसायचे. म्हणायचे, "शिट्टी आणू का?" मला हसू आलं की पायांतलं बळच जायचं.

मी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. माझ्या शेजारच्या पोळपाटावर परभणीकडची एक बाई आहे. सात वर्षं आम्ही शेजारी शेजारी लाटतोय, तिच्यापासून माझं काही लपत नाही. तिने विचारलं, "कामून गप्प गप्प राहायलीस?" मी सांगितलं. तिने लाटणं ठेवलं, माझा हात धरला आणि मला सामानाच्या खोलीत नेलं. तिथे तेलाचे पत्र्याचे डबे असतात, पंधरा किलोचे. म्हणाली, "खुर्ची कशाला पाहिजे? बस ह्याच्यावर."

मी बसले. डबा 'टंग' करून वाजला. आम्ही दोघी दारामागे लपलो.

जेवणाची गर्दी ओसरली की रोज तेवढा आमचा व्यायाम. मी उठायचे, बसायचे, आणि ती चपात्या मोजतात तसं मोजायची. आमच्याकडे चपात्या दहादहाच्या थप्पीने मोजतात आणि थप्पी झाली की ओरडून सांगतात. ती सवयीने ओरडायची, "झाली एक!" एकदा बाहेरून वाढणारा आत आला आणि म्हणाला, "कुठंय थप्पी?" ती म्हणाली, "ही काय, उभी हाय तुझ्यापुढं."

पहिल्या दिवशी चार वेळा उठले. महिन्याने दोन थप्प्या. डब्याला मात्र वरून पोचे पडले. सामानवाला भाऊ प्रत्येक डब्यावर हात फिरवून म्हणायचा, "हा तेलवाला डबे नीट हाताळत नाही, त्याला सांगायला पाहिजे." मी मान खाली घालून कणीक मळत बसायचे.

वजन बघायची लाज होती, पण ती म्हणाली, बघितल्याशिवाय कळणार कसं? त्याच खोलीत भाजी मोजायचा मोठा काटा आहे. अगदी सुरुवातीलाच, खोलीत कुणी नाही बघून, मी चप्पल काढून त्यावर उभी राहिले आणि डोळे मिटले. तिने वाचलं, "एकोणऐंशी किलो सहाशे." मी ते मनात ठेवलं. दोन महिने पुन्हा काट्याकडे फिरकले नाही.

दोन महिन्यांनी फार आशेने उभी राहिले. अंगात हलकं वाटत होतं. बोटातली अंगठी फिरायला लागली होती. ॲप्रनचे बंद आधी मागे कसेबसे पोचायचे, त्यांची आता फुलासारखी गाठ बसत होती. ती वाकून आकडा पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"सांग की."

"एकोणऐंशी आठशे."

वाढलं! दोन महिने निम्मा भात, बिनसाखरेचा चहा, एवढी मेथी, आणि वर दोनशे ग्रॅम. त्या दिवशी गुरुवार, म्हणजे कँटीनला गुलाबजाम. मी चार खाल्ले. उभ्याने. संध्याकाळी बसमधून उतरून सरळ घरी आले. लेकीचा फोन आला तर तिला म्हटलं, "सासूबाईंचं घर मोठं आहे, हवेशीर आहे, तिथंच बरं पडेल तुला." ती नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"ने मला आणखी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कांदे मोजत होतो. कांदे मोजायचे तर आधी रिकामा प्लास्टिकचा क्रेट काट्यावर ठेवायचा आणि बटण दाबायचं, की आकडा शून्य होतो. म्हणजे पुढे फक्त कांद्याचं वजन दिसतं, क्रेटचं नाही. हे आम्ही रोज करतो, झोपेतही करू. तिने क्रेट ठेवला, बटण दाबलं, मग क्रेटला चिकटलेला पाला झटकायला तो परत उचलला. काट्यावर काही नव्हतं आणि आकडा दाखवत होता, उणे दोन किलो.

ती आकड्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग किंचाळली, "आगं बाई, क्रेट!"

पहिल्या वेळी मी उभी राहिले तेव्हा नुकतीच भाजी मोजून झाली होती. काट्याने क्रेटचे म्हणून माझ्यातले दोन किलो आधीच कापले होते. दुसऱ्या वेळी सकाळी वीज जाऊन आली होती, काटा नव्याने चालू झाला होता, त्याने काहीच कापलं नाही. मी चौथी शिकलेले, पण बेरीज-वजाबाकी माझी पक्की आहे. भिंतीवर खडूने मांडलं. पहिल्यांदा मी एकोणऐंशी सहाशे नव्हतेच. मी होते एक्याऐंशी किलो सहाशे!

"म्हणजे एक किलो आठशे उतरलं," ती म्हणाली.

"म्हणजे मी एक्याऐंशी होते!" मी म्हणाले. आपण वाटत होतं त्याहून जाड होतो हे ऐकून एवढी खूश झालेली बाई कुणी बघितली नसेल. आम्ही एकमेकींचे हात धरले आणि कांद्याच्या पोत्यांमध्ये फुगडीच्या दोन गिरक्या घेतल्या. मी, जी चारचौघांत शिंकतानासुद्धा तोंड भिंतीकडे करते. सामानवाला भाऊ दारात उभा होता. म्हणाला, "कांदा एवढा स्वस्त झाला का?"

संध्याकाळी लेकीला फोन केला. म्हटलं, "काल बोलले ते विसर. तू माझ्याकडेच येणार." ती म्हणाली, "एका दिवसात काय झालं?" मी म्हटलं, "क्रेट झाला." तिला वाटलं आई बिघडली.

त्यानंतर मी मेथी नाही घेतली, कोथिंबीरही नाही. हात हलवत चालले. वाटेत भेटलेल्या दोघींनी विचारलं, कुठं निघालात? मी म्हणाले, "चालायला." हे एवढं सोपं उत्तर मला आधी सुचलं नव्हतं. डब्यावरून मी उलट्या क्रेटवर आले, तो बराच बुटका. क्रेटवरून पाटावर यायला महिना गेला. पाटाने मला रडवलं. खाली जायचे छान, आणि वर येताना हात आपोआप जमिनीला लागायचा. परभणीकरीण तो हात लाटण्याने हाणायची. म्हणायची, "त्या हातात बाळ हाय, त्याला टेकवायलीस व्हय?"

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी दहातून सात वेळा जमत होतं. तीन वेळा नाही.

तळेगावला पोचले तर विहीणबाईंनी माझ्यासाठी आधीच प्लास्टिकची खुर्ची कोपऱ्यात मांडून ठेवली होती. बाकी सगळ्या बाया सतरंजीवर. लेक हिरव्या साडीत मधोमध बसली होती, टरबुजासारखी, आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी खुर्चीला वळसा घातला आणि सतरंजीवर बसले. बायांनी सरकून जागा केली.

जेवणं झाली. विहीणबाई म्हणाल्या, "उठा की आता."

पण माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. पाय आहेत की नाहीत तेही कळेना. मी म्हणाले, "बसते अजून जरा. बरं वाटतंय." सगळ्या हात धुऊन आल्या. मी खरकट्या ताटासमोर बसून हसतेय. लेकीने कपाळाला हात लावला.

मग एकेक मुंगी गेली. मी श्वास घेतला, पुढे झुकले, आणि उठले. हात न लावता. जरा झोकांडी गेली, पण उठले.

"परत दाखवा," विहीणबाई म्हणाल्या.

परत बसले, उठले. बाया मोजायला लागल्या. तिसऱ्यांदा टाळ्या. लेक पोट धरून हसत होती, तिला म्हटलं, हळू गं, इथंच होईल.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "नुसतं उठाय कुणाला बी येतंय." त्या आत गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात ना, तसा टोपडं घालून, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून. पाट मांडला. "घाला ह्याला न्हाऊ."

मी पाय पसरले. दगडाला पालथं घेतलं. लाजेने कान तापले होते, पण हात आपले चालू. खोटं तेल चोळलं, खोटं पाणी घातलं, मान धरली, जिथे मान असती तिथे. एक बाई म्हणाली, "डोळ्यात साबण गेला बघा त्याच्या!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही. हसताना उठता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून थांबले. हसू पूर्ण गिळलं. पाय जवळ घेतले. दगड चांगला जड होता, बाळासारखाच. दोन्ही हात गुंतलेले. दहातली तीन आठवली.

उठले.

लेक ओरडली. बायाही ओरडल्या. विहीणबाई थोडा वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. मग म्हणाल्या, "न्या. पोरीला न्या. पर पाचवीला मी येनार हाय, सांगून ठेवते. आन त्या दिशी न्हाऊ मी घालनार."

मी नुसती मान हलवत होते, हो म्हणत होते, आणि सगळ्या माझ्याकडे बघून आणखीच हसत होत्या. मला कळेना आता काय झालं. मग बघितलं, तर मी वरवंट्याला खांद्यावर घेऊन त्याची पाठ थोपटत होते.

"द्या तो इकडं," विहीणबाई म्हणाल्या. "चटणी वाटायची हाय."