रुमाल न टाकता

ताडकळसहून परभणीला जाणारी सकाळची एसटी नीट थांबायच्या आधीच तिचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. पन्नाशीची, ठेंगणी बाई. परभणीच्या एका दवाखान्यात आया होती. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. जागेसाठी ती कुणाशीही भांडायची आणि बसली की लगेच डोळे मिटून प्रार्थना करायची. नाव मी कधी विचारलं नाही, मावशीच म्हणायचो.

तिची एकुलती पोरगी नुकतीच नर्स झाली होती. ती आपल्याच दवाखान्यात लागावी, दोघींनी रोज शेजारी बसून जावं, एवढंच मावशीनं देवाकडं मागितलं होतं. पोरीनं मात्र दूर मेळघाटातल्या मिशनच्या दवाखान्यात जायचं ठरवलं.

"प्रभूनं बोलावलंय म्हणती," मावशी मला म्हणाली. "मी लय भांडले त्याच्याशी. शेवटी म्हणलं, तुझ्या मनासारखं होऊ दे."

पोरीला पोचवून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी लागली तरी रुमाल तिच्या हातातच होता. ती सगळ्यांच्या मागून चढली.

"मावशी, आज जागा नाही धरली?"

"सवय करायलेय. दरवेळी जागा मीच का ठरवायची?"

तिला मागच्या चाकावरची सीट मिळाली. प्रत्येक खड्ड्याला ती वीतभर उडत होती. परभणीला उतरल्यावर मी विचारलं, "कशी होती प्रभूनं दिलेली जागा?"

"हादरे लय बसले," ती कंबर धरून हसली. "पण पोचले की."

मग त्या रुमालानं तिनं आधी घाम पुसला, मग डोळे, आणि दवाखान्याकडं चालायला लागली.