माझ्या घरची पापडांची पाळी

आईच्या हातातल्या पाटल्या साबण लावून काढाव्या लागल्या. ती मोरीत बसली होती, मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. निघाल्या तेव्हा मनगटांवर दोन पांढुरके पट्टे राहिले. "घे गो," आई म्हणाली, "उन्हाळ्यात घाम येतो नि रुततात त्या." तेव्हा श्रावण चालू होता.

नवऱ्याची ऑटो दारव्हा रोडवर पलटी झाली होती. पायात रॉड बसवला. दवाखान्याचं बिल आणि ऑटोचा हप्ता एकाच महिन्यात अंगावर आले, तेव्हा मला रत्नागिरीकडच्या माहेराशिवाय दुसरं दार सुचलं नाही. पाटल्या रुमालात बांधून, रुमाल पोलक्यात ठेवून, दीड दिवसाचा प्रवास करून मी यवतमाळला परत आले. पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. भावाला आणि वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. पाटल्या पेटीत ठेवल्यात, एवढंच आई त्यांना सांगत राहिली.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि रोजच्या तरीचे, होडीचे पैसे नव्हते. त्यामुळे छापील कागद समोर आला की मला अजूनही घाम फुटतो. पतसंस्थेतल्या माणसाने अर्ज वाचून दाखवला. त्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात बसला, लिलाव. एक वर्षाची मुदत. व्याज भरलं तर आणखी एक वर्ष.

कर्ज फेडायचं ठरवलं की सुरुवातीला माणसाला जोर असतो. आम्ही दुधाचा चहा बंद केला. टीव्हीचं रिचार्ज बंद केलं. मी दोन घरच्या पोळ्या धरल्या. नवरा खाटेवर बसून शेजाऱ्यांच्या मुलांच्या सायकलींचे पंक्चर काढू लागला. पहिले तीन-चार महिने या सगळ्यात एक प्रकारची मजासुद्धा वाटली, उपवास धरल्यासारखी. मग मधले महिने आले. त्यांच्याबद्दल कोणी सांगत नाही. व्याज जातं, मुद्दल जागचं हलत नाही, आणि चहा मात्र काळाच राहतो. एका सकाळी नवरा म्हणाला, "हे असं करून तुह्या मायच्या पाटल्या आपल्या नातवाच्या लग्नात सुटतीन." तो हसला. मला हसू आलं नाही.

आई फोनवर दिसायची तेव्हा पदर मनगटांपर्यंत ओढून बसायची. मी तेच बघायचे. त्या पदराच्या धास्तीने मी पुष्कळ दिवस धावले, हे खरं. पण धास्तीने माणूस दमतोही लवकर. एखाद्या दिवशी तर फोन वाजला तरी मी उचलत नसे.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, होळी झाली की पापडांच्या पाळ्या लागतात. आज एकीच्या घरी, परवा दुसरीच्या. जिच्या घरी पाळी तिने पीठ भिजवायचं आणि चहा करायचा. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. मजुरी कुणी कुणाला देत नाही. तू माझ्याकडे आलीस की मी तुझ्याकडे येणार, एवढाच हिशेब. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी फाटकावरूनच हाक मारली. काकू म्हणजे आमच्या ओळीतल्या सगळ्यांत मोठ्या. त्यांनी बोलावलं की नाही म्हणायची सोय नसते.

"ओ कोकनवाली, पोळपाट घे अन् ये. आज माह्याकडं पापड हायेत."

मी गेले. उडदाचं पीठ तेल लावून कुटून कुटून मऊ केलेलं, त्याच्या दोऱ्याने कापलेल्या लाट्या. लाटता लाटता एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, हा सगळ्या बायकांचा हक्क. मी पहिला पापड लाटला आणि सवयीने धावत जाऊन भर उन्हात टाकला. कोकणात आमच्याकडे ऊन दिसलं की ते पळून जायच्या आत वापरायचं असतं. मी परत येऊन बसेपर्यंत पापड वळून द्रोणासारखा झाला.

"अव बाई, हे यवतमाळचं ऊन हाय," काकू म्हणाल्या. "सावलीत टाक थो. ऊन कुठं पळून नाई चाललं इथलं."

समोरची भाभी, गॅरेजवाल्याची बायको, हसून हसून लाटणं टाकून बसली. पुष्कळ दिवसांनी मीही हसले. त्या दोन महिन्यांत मी कुणाचीच पाळी चुकवली नाही. सकाळी उठावंसं वाटायचं, एवढंच कारण. माझ्या घरी पाळी लावली नाही. घरात उडीद आणायला पैसे नव्हते. सांगितलं की आम्ही दोघंच, आम्हाला कशाला पापड.

मुदत संपली तेव्हा व्याज भरून वर्ष वाढवून घेतलं. पतसंस्थेतल्या माणसाने बजावलं, पुढच्या वेळी निम्मं मुद्दल तरी उतरवा, नाहीतर दागिना लिलावात जाईल.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत नवरा अर्धा दिवस ऑटो चालवू लागला होता. तरी निम्म्याला बरंच कमी पडत होतं. एकदा किराणा दुकानात गेले होते, तर दुकानदार म्हणाला, "घरचे उडदाचे पापड असन तर आना ना वहिनी. गिऱ्हाईक मागून राह्यलं." मी आठ किलो डाळ उधार घेतली. आणि मग मी जे केलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. काकूंच्या फाटकाशी जाऊन म्हटलं, "काकू, यंदा माझ्या घरीही पाळी लावायची. माहेरी पाठवायचेत."

सहाजणी आल्या. सकाळपासून उन्हं चढेपर्यंत लाटत होत्या. मी साखर जास्त घालून चहा केला. पापड वाळले, दुकानात गेले, पैसे आले, आणि पतसंस्थेच्या पावतीवर पहिल्यांदा मुद्दलाचा आकडा खाली आला. घरी येताना मला आनंदाने रडायला यायला हवं होतं. पण मी काकूंच्या फाटकावरून मान खाली घालून, भराभर चालत आले.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा पाळी लावली. या वेळी म्हटलं, नणंदेला द्यायचेत. त्या पुन्हा आल्या.

भाभीच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली. त्यामुळे तिचा पापड कडेला एका जागी थोडा जाड राहतो. हे मला कळायला हवं होतं. आमच्या सगळ्यांचेच पापड ओळखू येतात. काकूंचा आरपार दिसेल इतका पातळ, माझा जरा लांबट. भाभीकडे पाहुणे आले म्हणून तिने दुकानातून पापडांचं पाकीट आणलं, आणि तळताना तिच्या कढईत तिचाच पापड फुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बोलावलं. भाभी तिथे आधीच बसलेली होती. काकूंच्या मांडीशी ते फोडलेलं पाकीट.

"हे का व तुही ननंद?" काकूंनी विचारलं. "किराना दुकानात राह्यते का?"

बोलावणं आलं तेव्हाच मला अंदाज आला होता. घरातून निघताना हाताला लागल्या तेवढ्या नोटा मी मुठीत आणल्या होत्या. त्या मी पुढे केल्या. म्हटलं, "काकू, ही तुमची मजुरी. सगळ्यांची देते. चुकलं माझं."

काकू आत्तापर्यंत नुसत्या टोमणे मारत होत्या. नोटा बघून त्या खरंच चिडल्या.

"ठेव थे! मी काय तुह्याकडं रोजीनं आलती? पैसे देऊन मोकळी होतं का?"

भाभी मध्ये पडली. "अरे काकू, बिचारी रो देगी." मग माझ्याकडे वळून, "अन् भाबी, मेरे ही पापड मैंने पैसे देके खरीदे ना! पाहुने म्हणे, दुकानाचा पापड घरच्यासारखा हाय. मी काय सांगू त्यांना?" असं म्हणून तीच हसायला लागली.

मी तिथेच बसले आणि पाटल्यांचं सगळं सांगितलं. मोरीतला साबण, मनगटावरचे पट्टे, पदर, लिलाव. ज्या गोष्टी मी सख्ख्या भावाला सांगितल्या नव्हत्या.

काकू थोडा वेळ पाकिटातले पापड सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ किलो उडीद कोन माहेरी धाडते व? आमाले त्याच दिवशी समजलतं. आमी वाट पाहून राह्यलो होतो, हे कधी सांगते."

"मग तुम्ही दुसऱ्यांदा का आलात?"

"तू माह्या घरी आलती ना मागच्या साली. एक बी पाळी नाई चुकवली तुनं. मी हिशेब नाई ठेवत, पन याद राह्यते." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "विक, कोन नाई म्हनते? पन खोटं कायले सांगतं? आता मंगळवारी अन् शुक्रवारी तुह्याकडं. पीठ चांगलं कुटून ठेवजो. मागच्या खेपेस कच्चं होतं."

पीठ खरंच कच्चं होतं. घाईत कुटलेलं.

त्या श्रावणात, मुदतीच्या चार दिवस आधी, निम्मं मुद्दल भरलं. मधले महिने पुन्हा आले, पुन्हा काळा चहा, पुन्हा व्याज. ते सोपे झाले असं मी म्हणणार नाही. पण आता भाभी गॅरेजकडे जाता जाता विचारायची, "कितना बचा, भाबी?" आणि मला आकडा सांगायला लाज वाटत नसे. कर्ज लपवायला जेवढी ताकद जाते, तेवढीच वाचली होती बहुतेक. आईचा फोनही मी उचलू लागले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखात, पाटल्या सुटल्या. पतसंस्थेतल्या माणसाने सही करायला सांगितली. आधी कागद मी स्वतः वाचला, बोट ठेवून, ओळ ओळ. मग काकूंकडे गेले. त्यांनी पाटल्या हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "जा, घालून ये तुह्या मायले. गुरुवारी पाळी हाय माह्याकडं, त्याच्या आत ये."

गावी पोचले तेव्हा आई ओटीवर सुपारी कातरत होती. वहिनी विहिरीवर गेलेली. मी रुमाल सोडला. या खेपेला साबण लागला नाही. पाटल्या सरकत कोपरापर्यंत गेल्या. तीन वर्षांत आईचे हात वाळले होते. ती उठून आत गेली, गोधडीचा जाड दोरा घेऊन आली आणि एकेका पाटलीला आतून गुंडाळायला लावला.

"आता बसल्या घट्ट," मनगट हलवून बघत ती म्हणाली. वहिनी कळशी घेऊन येताना दिसली, तरी आईने पदर ओढला नाही. "र्‍हा गो चार दिस. फणस झालेत, पापड करू."

"नाही आई," मी म्हटलं. "गुरुवारी काकूंची पाळी आहे. उद्याच्या गाडीने निघायला हवं."

"ती कोण काकू?"

मी तिच्याजवळ बसले, अडकित्ता माझ्याकडे घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.