जाळीच्या बाह्या

लातुरात कुठं जुनं घर पाडायला काढलं असं कळलं की मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकते. घर बघायला नव्हे, त्याची सिमेंटची जाळी बघायला. आमच्या लहानपणी प्रत्येक जिन्याला, प्रत्येक न्हाणीला अशी जाळी असायची. कुठं चौकोनात फुली, कुठं चार पाकळ्या, कुठं एकमेकांत अडकलेली वर्तुळं. आता त्या जागी सरकत्या काचा बसतात, आणि त्या काचा माझा सख्खा भाऊ विकतो. त्यामुळं घरात हा विषय काढायची मला बंदी आहे. मग मी बोलणं सोडलं आणि शिवायला घेतलं.

मी आयटीआय केलेली बाई. एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. जाळी दिसली की टेपनं मापं घ्यायची, कागदावर उतरवायची, मग तोच कागद ब्लाउजच्या बाहीवर ठेवून खडूनं आखायचं. भोकं कापायची आणि शर्टाला काजं करतात तसल्या टाक्यानं कडा बांधायच्या. एका बाहीला आठ दिवस जातात. नांदेडला दोन वर्षं नोकरीला होते तेव्हा जुन्या गावातल्या दगडी कमानींवरून गळे कापायला शिकले. लातूरच्या गोल बाजारातून, गंजगोलाईतून, सोळा रस्ते फुटतात म्हणून सोळा कळ्यांचा झगा शिवला. तो घालून रिक्षात बसले तर निम्मा झगा बाहेर. रिक्षावाला म्हणाला, बाई, तुमचं एक सीट आणि झग्याचं एक सीट. मी म्हटलं, हाव, चल गुमान.

आता मूळ गोष्ट सांगते. माझ्या अंगावर कोड आहे. बाराव्या वर्षी कोपराजवळ तांदळाएवढा ठिपका आला, आणि मॅट्रिकला जाईपर्यंत दोन्ही दंड, मान, निम्मी पाठ. आईनं त्या दिवसापासून मला मनगटापर्यंत बाह्या आणि गळ्याला बटण असं घातलं, मे महिन्यातसुद्धा. घामानं काखा सोलून निघायच्या, पण बाही दुमडायची नाही. हळदीकुंकवाला बायका मला कुंकू लावायच्या ते काडीनं. बोलायचं कुणी काही नाही, आणि त्या न बोलण्याचाच मला जास्त राग यायचा. अजून येतो.

पस्तिसाव्या वर्षी पहिली जाळीची बाही शिवली आणि ती घालून ऑफिसला गेले. कापलेल्या भोकांतून कातडी दिसायची, कुठं सावळी, कुठं पांढरी, आणि बघणाऱ्याला कळायचं नाही नक्षी कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते. लोक तसंही बघणारच होते. मग मी काढलेलं बघा की. महिन्याभरात ऑफिसातली एक बाई विचारायला लागली की डिझाईन कुठून आणलं. म्हटलं, तुझ्याच गल्लीतल्या जिन्यावरून, परवा पाडला तो.

माझं लग्न झालं नाही. भाऊ, वहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी, असे आम्ही एका घरात. मुलीच्या बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं, आणि पाठीत बुक्क्याही मीच खाल्ल्या. शाळेच्या गॅदरिंगचे तिचे सगळे कपडे मी शिवले. ती शिकली, नोकरीला लागली आणि नांदेडचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, आई शाळेत मुख्याध्यापिका. आमच्यातलेच, घरात लिंगपूजा करणारे. सगळं कसं छान.

पाहुणे बघायला आले त्या दिवशी दादानं मला चाकूरला मावशीकडं पाठवलं. मावशीला बरं नाही म्हणाला. मावशी अंगणात ठणठणीत मिरच्या निवडत बसली होती. मी गेले, हे सांगायची मला आजही लाज वाटते. आत्याच्या अंगावर कोड दिसलं की पोरीकडं संशयानं बघतात, हे काय मला माहीत नव्हतं? पोरीचं जमावं म्हणून मी दोन दिवस मावशीच्या मिरच्या निवडल्या.

स्थळ जमलं. साखरपुड्याची तारीख निघाली तेव्हा मात्र मी जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, पाहुण्यांना माझं सांगितलंय का? दादा म्हणाला, लग्न झाल्यावर सांगू. वहिनीनं मान खाली घातली. मी म्हटलं, मी येणार, आणि माझ्या बाह्या घालून येणार. लपवून पोरगी द्यायला आपण काय खोटा माल खपवून राहिलोय? दादा लाल झाला. पोरीकडं बघितलं तर ती मोबाईलमध्ये. मान वर न करता एवढंच म्हणाली, तुला काय घालायचं ते घाल. ते मला फार लागलं. वाटलं, हिला काहीच नाही.

साखरपुडा एप्रिलात. मंगल कार्यालयातला कूलर नुसता घरघरत होता, वारा गरमच. मी शेवाळी रंगाची इरकल नेसले होते आणि बाह्यांवर आमच्याच जुन्या घराच्या जिन्याची जाळी, चार पाकळ्यांची. दादानं मला दारात बघितलं आणि चक्क हसला. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पाहुणे स्थिरस्थावर झाले आणि दादानं माईक हातात घेतला. म्हणाला, आमच्या लाडक्या बहिणीनं पोरीसाठी आयुष्य वेचलं, तिचा सत्कार करून कार्यक्रमाला सुरुवात करतो. टाळ्या. एका हातात नारळ दिला आणि खांद्यावर शाल टाकली, लालभडक, थंडीतली जाड. नुसती टाकली नाही, दोन्ही दंडांवरून ओढून पुढं खोचली. आपल्याकडं शाल पांघरली की माणूस हात जोडतो, काढून फेकत नाही. दादाला हे बरोबर ठाऊक होतं. कानाशी वाकून म्हणाला, "तासभर राहू दे. तिच्यासाठी."

आणि मी बसले. राग असा की नारळ तिथंच फोडावा, पण 'तिच्यासाठी' म्हटल्यावर माझं काय चालतं? घाम पाठीवरून कमरेत उतरत होता. पाहुण्यांतली एक बाई कौतुकानं म्हणाली, केवढा मान ठेवतात हो भाऊ तुमचा.

तेवढ्यात पोरगी बाहेर आली. स्टेजवर चढायच्या आधी माझ्या पाया पडली, वर बघितलं आणि शालीचं टोक बोटांत धरून म्हणाली, हे काय? म्हटलं, सत्कार झाला माझा. तिचा चेहरा पार उतरला. ती वर जाऊन बसली, आणि तिथून माझ्याकडंच बघत राहिली. ते बघणं मला सोसवेना.

मी उठले. स्टेजवर गेले, शाल काढली आणि मुलाच्या आईच्या खांद्यावर घातली. म्हटलं, तुम्ही नांदेडहून आलात, पहिला मान तुमचा. पुन्हा टाळ्या, फोटोवाला धावला. त्या बाईंनी आनंदानं माझे दोन्ही हात धरले, आणि मग त्यांची नजर बाहीवर गेली. आधी जाळीवर, मग जाळीच्या आत.

"हे काय आहे?"

"कोड," मी म्हटलं. "बाराव्या वर्षापासून. शिवल्यानं लागत नाही. घरात मला एकटीला आहे. पुढं कुणाला होईल का, ते मी सांगू शकत नाही आणि डॉक्टरही सांगत नाहीत."

त्यांनी हात सोडले नाहीत, पण आवाज कोरडा झाला. दादाला म्हणाल्या, हे आम्हाला आधी का कळलं नाही? दादानं फोटोवाल्याला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. मी मनात म्हटलं, पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधी आपण मोडला.

तेव्हा पोरगी बोलली. "मी सांगितलंय. ह्यांना. जमल्यावर पहिल्याच आठवड्यात." मग मुलाकडं वळून म्हणाली, "तुम्ही 'घरी बोललो' म्हणाला होतात."

मुलगा घड्याळाचा पट्टा चाचपत राहिला. आईनं दोनदा विचारल्यावर म्हणाला, लग्न झाल्यावर सांगणार होतो.

अगदी तेच शब्द. पोरीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा बापाकडं. आवाज चढवला नाही.

"बाबांनी आज आत्याला शाल पांघरली," ती मुलाच्या आईला म्हणाली. "लग्नानंतर हे मला काय पांघरतील, ते मला आत्ताच दिसलं. मला अंगठी नको."

ते लग्न मोडलं. माझ्यामुळं मोडलं असं अख्खी भावकी म्हणते. म्हणू दे. त्या दिवशी मी ढसाढसा रडले हे खरं, पण माझं चुकलं असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. पाहुणे न जेवता निघून गेले आणि कार्यालय अर्धं रिकामं झालं. वहिनी खुर्चीत डोक्याला हात लावून बसली. दादा जेवणाच्या हॉलच्या दारात उभा राहिला, आत येईना, बाहेर जाईना.

पोरगी मात्र भरजरी साडीत, हातभर मेंदीसकट, माझ्या दंडाला धरून मला हॉलमध्ये घेऊन गेली आणि रिकाम्या पंगतीत पहिल्या दोन पाटांवर आम्ही बसलो. वाढपी भाताचं घमेलं घेऊन अडखळला आणि दाराकडं, दादाकडं बघायला लागला, वाढू का नको म्हणून.

"त्यांना काय विचारता?" ती म्हणाली. "आम्ही दोघी बसलोय. वाढा."