तात्यांनी न भाजलेला राब

महिना होत आला. विचुंब्याहून दिनेशचा, माझ्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी करंजाड्यातल्या अकराव्या मजल्यावर खिडक्या धडाधड लावत होते. घरभर धूर शिरल्याचा वास. "झाले सुरू तात्या!" असं चिडून म्हणाले आणि फोन उचलला. "ताई, तात्या गेले... चार दिवस अंथरुणावरच व्हते." मग राब पेटवला कोणी, हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.

तात्या माझे सख्खे काका. आजूबाजूच्या सगळ्या जमिनींवर इमारती चढल्या, यांनी हट्टानं एक तुकडा भातासाठी राखला. दर उन्हाळ्यात त्यावर राबासाठी शेण, वाळका पातेरा, फांद्या अंथरायचे, वरून माती टाकायचे आणि सावकाश धुमसू द्यायचे. पावसात त्याच जागी भाताची रोपं. "राब भाजल्याबिगर रोप धरत नाय गो," म्हणायचे. आणि माझ्या चिऊला दमा! धूर आला की पोरगी उशीला टेकून बसायची, ओठ निळे पडायचे. मी विनवलं, भांडले. गेल्या वर्षी डोकंच फिरलं. बाल्कनीतून धुराचा फोटो काढला आणि नाव न देता प्रदूषण मंडळाकडे तक्रार ठोकली. सख्ख्या काकाची! साहेब येऊन त्यांना समज देऊन गेले. त्यानंतर तात्या एकदाच भेटले. तक्रारीचं अवाक्षर नाही. फक्त विचारलं, "पोर आता झोपतंय ना नीट?"

बाराव्याला शेतावर गेले. तुकड्यावर गुडघाभर वाळलेलं गवत. राख नाही, जळकं काटूक नाही.

"यंदा भाजलाच नाय," दिनेश म्हणाला. "नकोच म्हनले. आनि आता दुसरं शेत तरी कुठं हाय इथं?"

भर दुपारी मला हुडहुडी भरली. कारण त्याही सकाळी वास आला होता... नवऱ्याला येत नाही, शेजारणीला येत नाही. मला येतो आणि चिऊला येतो. ती उठून बसते, छाती भरून श्वास घेते. खोकत मात्र नाही.

राहवेना. दिनेशला सगळं सांगून टाकलं.

"तात्यांना ठावूक व्हतं," तो म्हणाला. "सायबानं फोटो दाखवला ना. कोपऱ्यात तुझी तुळस दिसत व्हती, त्यांनीच रंगाच्या डब्यात लावून दिलेली. सायब म्हनला, कोनाचं घर हाय हे? तर म्हनले, टावरवाल्यांना मी काय वळखतो!"

घरी आले ती थेट बाल्कनीत. आभाळ दिवसभर भरलेलं, उन्हाचा पत्ता नव्हता. डब्यातल्या मातीत बोट खुपसलं. वर गार होती. खाली, मुळांपाशी, चांगली गरम होती... नुकती भाजल्यासारखी. "चुकले हो तात्या," म्हटलं, आणि हात काही काढवेना.