उस्तादांनी न केलेली चूक

उस्ताद रोज सकाळी कंप्रेसर सुरू केला की त्याच्या नळकांड्यापाशी गाल नेऊन उभे राहत. कंप्रेसरच्या चाकाच्या आऱ्या पंख्याच्या पात्यांसारख्या होत्या. चाक बरोबर फिरले तर नळकांड्यावरून वारा त्यांच्या गालावर येई. उलटे फिरले तर येत नसे. आमचे मालक आप्पा म्हणत, "उस्ताद, बीबीला तरी एवढं जवळ घेता का?"

"ती तापली तर बोलती, मालक. ही बोलत न्हाय."

निजामाच्या अमलातले, लढाईचे दिवस. सोलापूरकडून यात्रेच्या मोटारी येत, आणि तुळजापूरला आप्पांच्या गॅरेजात त्यांच्या चाकांत उस्ताद हवा भरत. मी त्यांच्या हाताखाली नवा मिस्त्री. तेलाच्या इंजिनावरून कंप्रेसरवर पट्टा चढवताना त्याला मराठी चाराच्या आकड्यासारखा तिढा द्यावा लागे, नाहीतर कंप्रेसर उलटा फिरे. उस्ताद गप्पा मारता मारता, न बघता तिढा देत. "डोकं चुकंल, हात न्हाय चुकायचा," ही त्यांची फुशारकी.

एकदा त्यांनी पट्टा चढवला आणि तेवढ्यात घाटात मोटार बंद पडल्याचा निरोप आला. गाल लावायचा राहिला. उस्ताद तसेच गेले. मी इंजीन सुरू केले, पट्टा निसटला, आणि तो मी सरळच चढवला. टाकीत हवा भरत होती, काटा चढत होता. उलटा फिरला तरी कंप्रेसर हवा भरतो, फक्त नळकांड्याला वारा न लागल्याने तापत जातो, हे मला ठाऊक नव्हते. दुपारी जळका वास आला आणि दट्ट्या अडकून बसला.

संध्याकाळी उस्ताद परतले. तिढा नसलेल्या पट्ट्याकडे बघत राहिले.

"सकाळी म्याच चढवला व्हता," ते आप्पांना म्हणाले.

मी शेजारीच होतो. नोकरीच्या भीतीने गप्प बसलो.

आप्पा रागावले नाहीत. "असू द्या उस्ताद. दट्ट्या सोलापुरास्नं आणू."

"दट्ट्या येईल, मालक. हाताचा भरवसा कुठनं आणू?"

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. उस्तादांनी मशीन जाळली, असेच सगळे सांगत राहिले. आता उस्ताद नाहीत, आप्पाही नाहीत. मशीन मी जाळली.

उस्ताद हयात असताना, खरे सांगायचेच असे ठरवून मी एकदा तेर गावी गेलो होतो; तिथे ते लेकीकडे राहत. मला आत घेऊन त्यांनी दार लावले आणि लेकीला विचारले, "कडी घातली का म्या? बघ जरा." घातली होती. मग त्यांनी स्वतः चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि समोर उभे राहिले.

"गूळ टाकला का रे म्या?"

मी घोट घेतला. "टाकलाय, उस्ताद. गोड हाय."

ते एवढे हलके होऊन हसले, की मशीनचे सांगायचे राहूनच गेले. मी त्यांना खरे सांगितले ते गुळाचे तेवढेच.