पाटीवरचा लाल रंग

जगातले दोन मातब्बर देश एकमेकांच्या उरावर बसले, आणि त्यात पोळलं कोण? आमच्या गल्लीतल्या पेंटरची मुलगी! काय बाई हिने कुणाचं घोडं मारलं होतं?

पेंटर सरकारी भिंती रंगवायचा. सरकारची त्यातल्या एका देशाशी गट्टी जमली, तेव्हा शहरभर लाल अक्षरांत 'आपली मैत्री अमर राहो' त्यानेच लिहिलं. त्या मैत्रीतूनच त्याची मुलगी तिकडे शिकायला गेली. टाळ्या वाजवून पाठवली होती सरकारी साहेबांनी! ती डॉक्टर होऊन आली, पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. दारावरची पाटी बापानेच रंगवली, पांढऱ्यावर लाल 'डॉक्टर'.

ही अमर मैत्री जेमतेम पोरीचं शिक्षण होईस्तोवर टिकली. सरकार दुसऱ्या देशाच्या गळ्यात पडलं आणि त्या घोषणा पुसायला पेंटरच्या हातात पांढऱ्या रंगाची बादली आली. "लालवर आधी अस्तर द्यायला हवं, नाहीतर तो वर येतो," तो सांगून थकला. घाईत ऐकतो कोण? थोड्याच दिवसांत मैत्री गुलाबी होऊन भिंतींवर परत उमटली. गल्ली पोट धरधरून हसली, खापर मात्र पेंटरच्या डोक्यावर फुटलं.

मग साहेब दारात हजर. "तिकडची पदवी आता चालत नाही. 'डॉक्टर' पुसा, नाहीतर दवाखान्याला कुलूप."

"ताप काय देश बघून चढतो का हो?" मुलगी कडाडली.

पेंटरने मुकाट्याने अक्षरांवर पांढऱ्याचा एक हात मारला. साहेब खूश होऊन गेले.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" मुलगी रडकुंडीला आली.

"अगं वेडे, अस्तर दिलंय कुठे?"

रोगी येतच राहिले आणि 'डॉक्टर'ही हळूहळू वर आलं. साहेब तणतणत आले. "लाल दिसतोय! अजून एक हात मारा!"

"मारतो की." पेंटरने ब्रश उचलला आणि सगळ्या रोग्यांसमोर लाल डब्यात बुडवला. एकेक अक्षर ठसठशीत गिरवलं. "भिंतीवरची मैत्री तुमची होती, तुम्ही पुसलीत. ही पोर माझी आहे. लावा कुलूप!"

साहेबांनी खरंच लावलं.

मुलीने मागच्या दाराने घरातून स्टूल आणलं, त्याच पाटीखाली पायरीवर मांडलं आणि म्हणाली, "हं, पुढचा कोण?"